सळ

खातेदार काउंटरपाशी उभा होता. भरणा स्लिप ताईंच्या हातात होती. त्यांनी स्क्रीनवर 'जमा' निवडलं, मग खाली 'रोख' निवडलं. 'रोख'पाशी ठिपका आला आणि वरचा 'जमा'चा ठिपका गेला. पुन्हा 'जमा'वर क्लिक केलं, तर 'रोख' गेलं. तीन-चार वेळा असं झाल्यावर त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या खुर्चीमागेच स्टूल टाकून बसलो होतो. तालुक्याच्या गावातल्या त्या पतसंस्थेत माझ्या सॉफ्टवेअरचा तो पहिला दिवस. साल 2001.

चूक मला तिथे बसल्या बसल्या कळली, आणि तिने माझी झोप उडवली. मी ते सॉफ्टवेअर व्हिज्युअल बेसिक 6 या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलं होतं. तिच्यात एका चौकटीतली ऑप्शन बटणं, म्हणजे निवडलं की ठिपका येणारी गोल बटणं, हा एक गट असतो. त्यातलं एकच निवडता येतं. 'जमा' आणि 'नावे' हा एक गट, 'रोख' आणि 'ट्रान्सफर' हा दुसरा. म्हणून मी दोन चौकटी काढल्या होत्या, पण बटणं आधी फॉर्मवर, म्हणजे मूळ खिडकीवर, काढून नंतर माऊसने ओढत चौकटींत नेऊन ठेवली होती. दिसायला ती चौकटीत होती. प्रत्यक्षात त्यांचं घर फॉर्मच होतं. बटण खऱ्या अर्थाने चौकटीचं व्हायचं तर ते चौकट निवडून तिच्या आतच काढावं लागतं, किंवा फॉर्मवरून कट करून चौकटीत पेस्ट करावं लागतं. माझी चारही बटणं एकाच गटात पडली होती. चौकटींच्या रेघा स्क्रीनवर ठसठशीत होत्या आणि त्यांनी काहीच वेगळं केलं नव्हतं.

दुरुस्तीला दहा मिनिटंही लागली नाहीत. पण रेघ ओढली म्हणजे दोन गोष्टी वेगळ्या झाल्या, हा माझा समज त्या सकाळपासून डळमळला. गेली वीसेक वर्षं मी डेस्कटॉपवर चालणारी सॉफ्टवेअरं बनवतो आहे. त्यातला निम्मा विचार तरी एकाच गोष्टीवर खर्च होतो: या खिडकीत काय कुठे ठेवायचं आणि कशापासून काय वेगळं दाखवायचं.

तेव्हा मला चौकटी फार आवडायच्या. फॉर्मवर 'सभासद माहिती' नावाची चौकट, तिच्याखाली 'खाते माहिती', शेजारी 'व्यवहार माहिती', तळाला 'शेरा', आणि बटणांना वेगळी चौकट. ही आवड विंडोजच्या आधीच्या डॉसकडून आली होती. तिथल्या फॉक्सप्रो या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये एका ओळीच्या आज्ञेने दुहेरी रेघेची चौकट काढता यायची. 80 रकाने आणि 25 ओळींच्या त्या काळ्या पडद्यावर अक्षरं सगळी एकाच मापाची; ठळक नाहीत, बारीक नाहीत. तिथे रेघेशिवाय भाग पाडायला फार साधनं नव्हती आणि मोकळी जागा परवडत नव्हती. मग विंडोज आलं, फॉन्ट आले, रंग आले, तरी आमचा हात जुन्याच वळणाने चौकटी काढत राहिला. गावोगावच्या पतसंस्थांत, दूध संस्थांत, सोसायट्यांत तेव्हा बसवलेल्या सॉफ्टवेअरचे फॉर्म आठवून पाहा. डब्यात डबा आणि त्यात आणखी एक डबा.

हा शब्द माझा नाही, अण्णांचा. अण्णा तिथले कॅशियर. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, शर्टाच्या खिशात दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. पहिल्या आठवड्यात ते माझ्या स्क्रीनकडे लांबून बघायचे आणि किर्द, म्हणजे रोजच्या जमा-खर्चाची वही, हातानेच लिहायचे. एकदा संध्याकाळी शिल्लक जुळल्यावर माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "काय ओ साहेब, सगळीकडं डबीच डबी केलीत. नजर कुठनं आत घालायची?"

मी सांगू लागलो, की माहितीचे गट पाडलेत, प्रत्येक गट वेगळा कळावा म्हणून चौकट. त्यांनी ऐकून घेतलं. मग टेबलावरचा एक कोरा फुलस्केप कागद उचलला. तो आडवा धरून मधोमध दुमडला, पुन्हा दुमडला, पुन्हा एकदा. प्रत्येक घडीवरून अंगठ्याचं नख सरळ फिरवलं. मग कागद उलगडून माझ्यापुढे ठेवला. त्यावर सात सळ पडले होते आणि आठ रकाने झाले होते. पेन अजून खिशातच होतं.

"आमचे वडील अडतीच्या दुकानात दिवाणजी होते," अण्णा म्हणाले. "त्यांच्या वहीत रेघ नसायची. पानाला असे सळ पाडायचे. डावीकडचे चार जमेचे, उजवीकडचे चार नावेचे. पहिला सिरा, त्यात रक्कम. पुढचे तीन पेटा, त्यात तपशील." बोलता बोलता त्यांचं बोट सळावरून खाली येत होतं. "लिहिताना हात सळाला अडकतो. डोळ्याला काही टोचत नाही."

तो कागद मी घरी नेला. ट्यूबलाइटच्या उजेडात तिरका धरला की सळाची एक बाजू उजळ दिसायची आणि दुसरी किंचित सावलीत. सपाट ठेवला की सळ जवळजवळ दिसेनासे व्हायचे. पण त्यावर आकडे लिहून पाहिले तर एकही आकडा इकडचा तिकडे गेला नाही. विभागणी तर पक्की होती आणि ती दाखवण्यासाठी शाईचा एक थेंबही खर्च झाला नव्हता.

स्क्रीनला घडी घालता येत नाही. सळाचं काम तिथे मोकळी जागा करते. मायक्रोसॉफ्टच्या मार्गदर्शनात याची मापंच दिलेली होती, ती मी तोवर नुसती वाचून सोडून दिली होती. डायलॉगमध्ये, म्हणजे माहिती भरायच्या छोट्या खिडकीत, एकमेकांशी संबंध असलेल्या दोन घटकांत 4 एकक अंतर, संबंध नसलेल्यांत 7 एकक, कडेचा समासही 7. हे एकक पिक्सेल नव्हे. ते फॉन्टवरून ठरतं: आडवं एकक म्हणजे अक्षराच्या सरासरी रुंदीचा चौथा भाग, उभं म्हणजे उंचीचा आठवा. फॉन्ट मोठा झाला की अंतरंही त्याच प्रमाणात वाढतात. चार आणि सात. फरक तीन एककांचा, आणि डोळा तेवढ्यावर ठरवतो की ही दोघं एका घरची आणि ती पलीकडची शेजारची. जवळ ठेवलेल्या गोष्टी डोळा एकत्र धरतो, हे मॅक्स वेर्थायमर या मानसशास्त्रज्ञाने 1923 मध्ये नुसते ठिपके मांडून दाखवलं होतं. आपल्याकडे रांगोळी घालणाऱ्या बायकांना ठिपक्यांचं हे गणित हातानेच कळतं. ठिपक्यांतलं अंतर एका ठिकाणी चुकलं, की रेघ ओढण्याआधीच आकृती बिघडल्याचं त्यांच्या लक्षात येतं.

मी रात्री बसून फॉर्मवरच्या चौकटी एकेक करून काढल्या. ऑप्शन बटणांचे दोन गट पाडायला चौकट लागणारच होती, कारण तिथे ती कामाची होती. तिची कड तेवढी अदृश्य केली. बाकी ठिकाणी जागा सोडली. चौकट गेली की तिच्या आतला समास जातो, बाहेरचा जातो, रेघेची जाडी जाते. त्या संस्थेतले मॉनिटर 15 इंची, 800 बाय 600 चे. आधी 'सेव्ह' बटण खालच्या कडेला जेमतेम दिसायचं. चौकटी गेल्यावर ते सहज वर आलं, आणि त्याच्या वर एक ओळ मोकळी सोडायलाही जागा उरली.

मराठीसाठी तर चौकटीचा एक वेगळाच त्रास होता. तो मी कुठे लिहिलेला पाहिला नाही, म्हणून इथे सविस्तर सांगतो. विंडोजच्या त्या जुन्या चौकटीचं शीर्षक वरच्या रेघेतच बसवलेलं असतं. रेघ शीर्षकापाशी तुटते आणि पुढे पुन्हा सुरू होते, साधारण अक्षराच्या मध्यावर. रोमन अक्षरांना हे चालून जातं, कारण त्यांना डोक्यावर रेघ नाही. पण आपल्या प्रत्येक शब्दाला शिरोरेषा आहे. 'खाते माहिती' असं शीर्षक दिलं की चौकटीची रेघ येते, थांबते, तिच्याहून दोन-तीन पिक्सेल वर शिरोरेषा सुरू होते, संपते, आणि पुन्हा चौकटीची रेघ खालच्या पातळीवर सुरू होते. चुकीचा जोड दिलेल्या फरशीसारखं ते दिसतं. लांबून तर शीर्षक वाचायच्या आधी ती पायरीच डोळ्यात भरते. माझं ठाम मत आहे, की देवनागरी शीर्षक चौकटीच्या रेघेत कधीही घालू नये. ते वर, मोकळ्यावर, किंचित ठळक लिहावं. शिरोरेषा हीच एक रेघ आहे. तिच्या खाली सगळा विभाग टांगून घेता येतो. मोडी लिहिणारे तर कागदावर आधी आडवी रेघ ओढत आणि मग अक्षरं तिला खालून अडकवत जात. शीर्षकाची शिरोरेषा विभागाची कड होऊ शकते, ही कल्पना मला तिथून मिळाली.

उंचीचंही तेच. रोमन लेबलाला जी उंची पुरते ती मराठीला पुरत नाही. वर वेलांटी आणि रफार, खाली उकार आणि जोडाक्षराचा पाय. रोमन मापाच्या लेबलात 'मुद्दल' लिहिलं तर खालचा उकार कापला जाऊन 'मद्दल' दिसायचं. 'थकबाकी'ची वेलांटी वरून अर्धी जायची. त्या काळी व्हिज्युअल बेसिकच्या लेबलांत युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची सामाईक अक्षरपद्धत, चालत नसे. आम्ही जुन्या पद्धतीचे मराठी फॉन्ट वापरायचो, आत साठवलेली अक्षरं रोमन आणि वर दिसणारं रूप देवनागरी. अशा फॉन्टची मापं एकाची एक आणि दुसऱ्याची दुसरी. एका संगणकावर नीट बसलेला फॉर्म दुसऱ्यावर उकार गमावून उभा असायचा. तेव्हापासून सवय लागली ती अजून आहे: कोणत्याही मांडणीची उंची ठरवताना मी 'मुद्दल' आणि 'वर्गणी' हे दोन शब्द लिहून बघतो. खालून आणि वरून दोन्ही पूर्ण दिसले की ओळीची उंची बरोबर.

विभागणीची रेघ सोडवली, तरी विभाग कोणते हा प्रश्न उरतोच. 'सभासद', 'खाते', 'व्यवहार' हे तीन भाग मी कुठून आणले होते? डेटाबेसमधून. आत तीन टेबलं होती म्हणून स्क्रीनवर तीन विभाग. ताईंच्या हातातल्या स्लिपवर मात्र क्रम वेगळा होता: तारीख, खाते क्रमांक, नाव, अक्षरी रक्कम, अंकी रक्कम. डाव्या हातात स्लिप, उजवा हात आकड्यांच्या कळांवर, नजर स्लिपवरून स्क्रीनवर आणि परत. माझ्या फॉर्मवर खाते क्रमांक दुसऱ्या विभागात, तोही उजवीकडे होता. त्यांची नजर प्रत्येक व्यवहाराला वरचा अख्खा विभाग ओलांडून जायची, कारण सभासद क्रमांक, पत्ता, वारसाचं नाव हे सगळं मी डोक्यावर बसवलं होतं. भरणा घेताना वारस कोण याच्याशी त्यांना काय करायचं होतं?

दोन दिवस मी फक्त बघत बसलो. ताई कुठे थांबतात, कुठे स्लिप खाली ठेवतात, कुठे मान वर करून खातेदाराला विचारतात. थांबे दोनच होते. खाते क्रमांक टाकला की नाव आलं का आणि ते स्लिपशी जुळतं का, हे बघायला पहिला. रक्कम टाकून झाली की नोटा मोजायला दुसरा. म्हणजे विभाग तीन. पण ते माझे तीन नव्हते: ओळख पटवणं, रक्कम, पूर्तता. त्या दोन थांब्यांपाशी मी जास्त जागा सोडली, बाकी सगळं जवळ घेतलं, पत्ता आणि वारस दुसऱ्या टॅबवर नेले. नव्या फॉर्मवर पहिल्या दिवशी ताई काहीच बोलल्या नाहीत. त्यांचा हात मात्र थांबत नव्हता. अण्णा लांबून बघत होते. संध्याकाळी किर्द लिहायला बसले आणि म्हणाले, "आता कागदासारखं वाटतंय."

पुढे 2011 च्या सुमारास सगळं क्यूटी या खिडक्या आणि बटणं बनवण्याच्या साधनसंचावर नव्याने लिहिलं. तिथे घटक कुठल्या बिंदूवर ठेवायचा हे सांगावं लागत नाही. उभी मांडणी, आडवी मांडणी, जाळीची मांडणी, एकात एक बसवायच्या. खिडकी ताणली की कोणी किती पसरायचं याचं प्रमाण द्यायचं. पूर्वी खिडकी मोठी केली की फॉर्म वरच्या डाव्या कोपऱ्यात आक्रसून बसायचा आणि बाकी नुसतं राखाडी रान. ते दुःख एका दिवसात संपलं. आणि हाती आलं ते सरकतं विभाजन, स्प्लिटर. दोन भागांच्या मधली एक बारीक पट्टी, माऊसने धरून इकडे तिकडे सरकवता येणारी.

एकाच खिडकीत शेजारी शेजारी भाग ठेवण्याची कल्पना जुनी आहे. झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात स्मॉलटॉक ही प्रोग्रामिंग भाषा घडली. तिच्या ब्राउझरमध्ये, म्हणजे कोड चाळायच्या खिडकीत, वर चार याद्या डावीकडून उजवीकडे आणि खाली लिहिण्याची जागा. डावीकडच्या यादीत एक निवडलं की उजवीकडची यादी त्याच्यापुरती होते, अशा चार पायऱ्या. मला ती रचना अजूनही फार आवडते, कारण तिथे विभाग नुसते वेगळे नाहीत. एकातून दुसरा उगवतो. पतसंस्थेच्या पडद्यावर मी तेच केलं: डावीकडे सभासदांची यादी, उजवीकडे वर त्याची खाती, खाली निवडलेल्या खात्याचा उतारा. मध्ये दोन सरकत्या पट्ट्या. ज्याला नावं लांब हवीत त्याने डावा भाग रुंद करावा, ज्याला उतारा बघायचाय त्याने तो. आणि ज्याने जशी लावली तशी ती दुसऱ्या दिवशी मिळावी, म्हणून खिडकी बंद होताना पट्ट्यांच्या जागा साठवायच्या. या शेवटच्या सोयीचा मला अभिमान होता.

एका सकाळी फोन आला. शाखेतला नवीन मुलगा होता, आवाज कापत होता. "सर, सभासद गेले."

"किती?"

"सगळे. यादीच नाही. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, तरी नाही. रात्रीचा बॅकअप लावू का?"

बाहेर खातेदारांचा आवाज येत होता. सकाळपासून पंचवीस-तीस व्यवहार झाले होते. रात्रीचा बॅकअप लावला असता तर ते सगळे पुसले गेले असते. मी त्याला म्हटलं, कशालाही हात लावू नको. मग एकदम लक्षात आलं. "खिडकीच्या अगदी डाव्या कडेला माऊस ने. हळू. बाण बदलतो का बघ." जरा वेळ नुसता श्वास ऐकू आला. "दोन्हीकडं टोक असलेला झाला." "आता दाबून धर आणि उजवीकडे ओढ." पलीकडून तो काही बोललाच नाही. त्याने लांब सुस्कारा सोडला, त्यावरूनच मला कळलं की यादी परत आली.

क्यूटीचा स्प्लिटर, तुम्ही वेगळं सांगितलं नाही तर, एखादा भाग पूर्ण मिटू देतो. पट्टी कडेला नेली की तो भाग शून्य रुंदीचा होतो. त्याला किमान रुंदी दिलेली असली तरीही. त्या मुलाचा माऊस ओढला गेला होता आणि यादी मिटली होती. आणि मी मोठ्या काळजीने पट्टीची जागा साठवत होतो, म्हणून ती शून्य रुंदीही तितक्याच इमानाने साठवली गेली आणि पुन्हा चालू केल्यावर तशीच आली. त्याच दुपारी मी ती मुभा काढून टाकली, यादीला खाते क्रमांक आणि पूर्ण नाव मावेल एवढी किमान रुंदी दिली, पट्टी चार पिक्सेलांवरून आठावर नेली, आणि मेनूत 'मांडणी पूर्ववत करा' असा पर्याय घातला. तरीही तो आवाज माझ्या कानात राहिला. विभाग दिसेनासा झाला तेव्हा त्या मुलासाठी त्यातली माणसंच गेली होती. मांडणी आणि मजकूर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला माहीत होतं. काउंटरवर बसलेल्याला ते माहीत असायचं कारण नाही.

मागच्या वर्षी कर्ज विभागाचा फॉर्म नव्याने मांडायला घेतला. कर्जदार आणि दोन जामीनदार. तिघांनाही तेच रकाने: सभासद क्रमांक, नाव, पत्ता, मोबाईल. सवयीने मी तिघांच्या मध्ये जागा सोडली, प्रत्येकाच्या डोक्यावर ठळक शीर्षक ठेवलं आणि शाखेत दाखवायला नेला. तिथल्या वसुली अधिकारी बाई बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "छान आहे. पण दिवसाला चाळीस नोटिसा काढताना मी शीर्षक वाचत नाही. नाव उचलते. तीन सारखे भाग आहेत. हप्ता थकला कर्जदाराचा आणि पहिली नोटीस जामीनदाराच्या घरी गेली, तर त्या घरात काय होतं ते मी बघितलंय."

मी त्यांच्यासमोर बसूनच फॉर्म उघडला. जागा वाढवून पाहिली, तरी तीन ठोकळे सारखेच दिसत होते. मग कर्जदाराचा भाग संपतो तिथे, या कडेपासून त्या कडेपर्यंत, एक गडद रेघ ओढली. दोन जामीनदारांच्या मध्ये नाही, फक्त तिथे. बाईंनी मान हलवली आणि पुढची फाइल उघडली.